तीन वह्या : मे ते सप्टेंबर २०२५

१ मे, गुरुवार

आज सुट्टी. भाषांतराची पानं येणार नाहीत, म्हणून टेबल रिकामं केलं, तिन्ही वह्या समोर घेतल्या आणि कोणतं काम कुठे अडलंय ते लिहून काढलं.

निळी वही : नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांची कादंबरी. अद्भुतकथा. चार वर्षं चालली, शेवटचा खर्डा झाला. स्वतःच छापणार आहे. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, सगळं बाकी.

पिवळी वही : दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा, लोणारवर. शब्दमर्यादा ३०००. जुलैअखेर हवी आहे. हातात नुसती टिपणं.

लाल वही : एका ऑडिओ ॲपसाठी दहा भागांची मालिका, नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीवर. दोन भाग दिले, तिसरा अर्धा.

घर चालतं ते भाषांतरावर. पंप, फवारणी यंत्रं, ठिबक संच यांच्या माहितीपुस्तिका, रोजची पाच-सहा पानं. त्याला वही लागत नाही.

वेळ कसा काढतेस, असं बरेच जण विचारतात. वेळ निघतो. पहाटे साडेचार ते आठ हे तास माझे, त्यात कोणी येत नाही. जड जातं ते एका जगातून उठून दुसऱ्यात जाऊन बसणं. परवा लोणारच्या कथेतली प्रयोगशाळेतली मुलगी अचानक कादंबरीतल्या, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या म्हातारीसारखी बोलायला लागली. दोन पानं झाल्यावर लक्षात आलं. ती दोन पानं गेली.

म्हणून आजपासून एक नेम. वही मिटण्याआधी पुढचं वाक्य समासात पेन्सिलीने अर्धंच लिहून ठेवायचं. वाक्य पुरं करून उठलं की दहा दिवसांनी तीच वही परक्याची वाटते. अर्धं वाक्य दिसलं की हात आपोआप पुढे लिहायला लागतो.

१३ मे, मंगळवार

दुपारी बारा ते पाच काहीही होत नाही. कूलर चालू असतो, पण खोलीत गरम ओली हवा फिरते आणि लॅपटॉप चटका देतो. त्या वेळात भाषांतर करते, त्याला डोकं कमी लागतं. आई दारातून म्हणते, "किती वेळ त्या डब्यासमोर बसून राहिली गं, डोळे जातीन ना."

लाल वहीतला तिसरा भाग संपला. ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही, हे आता हाडात मुरायला लागलंय. शांता आणि सावित्री अशा दोघी एका प्रसंगात होत्या. दोन्ही नावं स-श वर सुरू होतात, कानाला गोंधळ होतो. सावित्रीची गोदा केली. प्रत्येक भाग लिहून झाला की मोठ्याने वाचते, घड्याळ लावून. माझ्या वाचण्यात मिनिटाला साधारण १२० शब्द बसतात, म्हणजे पंधरा मिनिटांना अठराशे. वाचताना जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडते. मोठ्याने वाचायची ही सवय लाल वहीने लावली.

२० मे, मंगळवार

सकाळी बातमी आली. पुण्यात जयंत नारळीकर गेले. ८६ वर्षांचे होते.

आज कोणतीच वही उघडली नाही. मी आठवीत असताना शाळेच्या वाचनालयात त्यांच्या कथांचं पुस्तक मिळालं. त्यातला माणूस मराठीत विचार करत होता आणि विश्वाबद्दल करत होता. हे दोन्ही एकाच डोक्यात होऊ शकतं, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवलेली. तेव्हा ते जगभर नावाजलेले शास्त्रज्ञ होते. त्यांच्या नावावर कथा सहज छापून आली असती. पण कथा कथा म्हणून उभी राहते का, हे त्यांना पाहायचं होतं. तिला पहिलं बक्षीस मिळालं. मी ही गोष्ट कितीतरी वेळा लोकांना सांगितली आहे. आज आईला सांगितली. ती ऐकून म्हणाली, "मोठा माणूस." आणि देवापाशी दिवा लावला.

८ जून, रविवार

काटोलला मामाकडे जाऊन आले. कामासाठी गेले नव्हते, पण आजचा दिवस तिन्ही वह्यांना पुरला.

आधी पिवळी वही. लोणारचं पाणी अल्कधर्मी, पीएच दहाच्या आसपास. कथेत हे येणं भाग आहे, कारण त्या पाण्यात कोण जगू शकतं यावरच कथा उभी आहे. पण "पीएच" लिहिलं की कथेला पाठ्यपुस्तकाचा वास येतो. तीन आठवडे मी शब्द शोधत होते. अल्कता? क्षारता? एकही पात्राच्या तोंडात बसेना.

दुपारी मामा बागेत घेऊन गेला. काही झाडांची पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. मामाने पान उन्हाकडे धरलं आणि म्हणाला, "सामू वाढला बाई. खाली चुनखडी लय हाये. जमिनीत लोह असून झाडाले भेटून नाही राहिलं."

सामू! माती तपासणीच्या कागदावर पीएचसाठी असतो तो शब्द. संत्रा लावणाऱ्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे. मी शब्दकोश पालथे घालत होते आणि शब्द मामाच्या खिशात होता. फवारणी यंत्राच्या पुस्तिकेत मी स्वतः तो दहा वेळा लिहिला असेल, पण भाषांतराच्या टेबलावरून कथेच्या टेबलावर तो कधी आलाच नाही. मला याचं फार वाटलं. पोटापाण्याचं काम वेगळं आणि आपलं लिखाण वेगळं, अशी भिंत मीच घातली होती.

आता कथेतली मुलगी शेतकऱ्याची आहे. ती पाण्यात हात घालते, बोटांवर धुण्याच्या सोड्यासारखं बुळबुळीत लागतं आणि ती म्हणते, "बाबांच्या वावरात याच्या निम्म्यानेही सामू वाढला असता तर झाडं जळाली असती." सामूच्या मोजपट्टीत एक आकडा वाढला की फरक दहापट होतो. म्हणून हे वाक्य शास्त्रात तंतोतंत बसत नाही, पण ते तिचं घरचं वाक्य आहे. पुढच्या ओळीत तिची मार्गदर्शक ते दुरुस्त करते. दोघींची ओळख तिथेच होते.

येताना काटोल रोडवर जुनापाणीला उतरले. नागपूर तिथून दहा-बारा किलोमीटर. या परिसरात सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी मांडलेली. दगडांपैकी काहींवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. मी याआधी चारदा तरी गेले असेन. दरवेळी एका खळग्यात अंगठा ठेवून बघते. अंगठ्याचं पेर त्यात बरोबर बसतं, कडा गुळगुळीत लागतात. पावसाची एक सर येऊन गेली होती, तळाला पाणी होतं आणि त्यात एक मुंगी.

कोणीतरी हे खळगे मोजून, ओळीत कोरले. त्याला त्यातून काहीतरी सांगायचं होतं. कादंबरीत मी त्याला अर्थ दिला आहे : माझ्या जगात भट्टीवाल्या घराण्यातली मुलगी हे खळगे वाचू शकते. पारशिवनीजवळ नैकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी मिळाली आहे, माहूरझरीला मणी आणि घोड्यांच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार. ते सगळं कादंबरीत आहे. पण दगडापाशी बसलं की मला माझा अर्थ लहान वाटतो. तो लहान आहे म्हणून खोटा ठरत नाही, एवढंच मनाशी धरून मी चार वर्षं लिहिलं.

२४ जून, मंगळवार

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, अर्ज केला. राजा राममोहन रॉय संस्थेच्या संकेतस्थळावर, फुकट. कागदपत्रं जोडायला एक तास गेला.

ई-पुस्तकाचाही निर्णय घेतला. ॲमेझॉनच्या केडीपीवर मराठी ई-पुस्तक ठेवता येतं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल तर त्यांच्या सिलेक्ट योजनेत नाव घालावं लागतं, आणि मग ९० दिवस ई-पुस्तक दुसरीकडे ठेवता येत नाही. नाहीतर ३५ टक्के. मी पहिले ९० दिवस सिलेक्ट घेणार आहे. छापील प्रत इथेच, नागपुरात.

११ जुलै, शुक्रवार

लोणारची कथा ४६०० शब्दांची झाली. मर्यादा ३०००.

पहिल्या दिवशी आघाताचं सगळं वर्णन उडवलं. अवकाशातून आलेला दगड, बेसॉल्टचा वितळलेला थर, १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. मला ते पान फार आवडत होतं. पण लोणार बुलढाण्यात आहे, मराठी वाचकाने शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. त्याला विवर दाखवायला नको, त्या विवराचं वय त्याच्या अंगावर आलं पाहिजे. आघातात तयार झालेल्या काचेवरून काढलेलं एक वय ५ लाख ७० हजार वर्षं आहे. ते एका संवादात राहिलं, बाकी गेलं.

दुसऱ्या दिवशी लवणासुराची कथा उडवली. तिसऱ्या दिवशी ती परत घेतली, तीन ओळींत, मुलीच्या आजीच्या तोंडी. विष्णूने दैत्याला मारलं ते ठिकाण, असं गावात सांगतात, आणि दैत्यसूदनाचं देऊळ तिथे आहेच. आजीच्या गोष्टीत आकाशातून येणारा मार आहे, खड्डा आहे, खारट पाणी आहे. मी त्यातून काही सिद्ध करायला जात नाही. फक्त ती गोष्ट आजीची आहे, ती तिच्यापासून काढून घेणं मला जमेना.

कथेचा कणा २०२० च्या जूनमधला. तळं गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले आणि कारण सापडलं : खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य बनवणारे सूक्ष्मजीव. उन्हाळ्यात पाणी आटलं, मीठ वाढलं, त्यांना दिवस चांगले आले. अशा जातीचे जीव मिठाच्या स्फटिकात अडकलेल्या थेंबातही दीर्घकाळ तग धरतात. इथपर्यंत विज्ञान. त्यांना आठवण असते, हे माझं. विज्ञानकथेत आपलं पाऊल कुठे पडलं ते लेखकाला तरी स्पष्ट दिसलं पाहिजे, म्हणून पिवळ्या वहीत माहीत असलेलं शाईने लिहिते आणि रचलेलं पेन्सिलीने.

आज शब्द ३०४०. पाठवली.

२ ऑगस्ट, शनिवार

आजची नोंद सविस्तर लिहितेय, कारण अजून छातीत धडधडतंय.

कादंबरीचं शेवटचं मुद्रित परवा आलं. डेमी आकार, २५६ पानं, म्हणजे बरोबर सोळा पानांचे सोळा फर्मे. दोनदा वाचून झालं होतं, तिसऱ्यांदा सहज चाळत होते. लाल वहीच्या सवयीने एक उतारा मोठ्याने वाचायला घेतला. अकरावं प्रकरण, घोडेस्वार उत्तरेकडून येतात तो.

"तीन दर्या ओलांडून ते आले."

जीभ अडखळली. दर्या? माझ्या जगात समुद्र नाही. कादंबरीत कुठेच नाही. मी लिहिलं होतं "तीन दऱ्या".

पुढे पाहिलं. "ताऱ्यांच्या" जागी "तार्यांच्या". "किनाऱ्यावर" जागी "किनार्यावर". यांत चुकीचा शब्द झाला तरी वाचक समजून घेतो. "दऱ्या"चा मात्र दर्या होतो, म्हणजे डोंगराचा समुद्र. आणि बाराव्या प्रकरणात लग्नाच्या पंगतीचे "आचाऱ्यांनी चूल पेटवली" होतं, तिथे आचार्य चूल पेटवत होते.

सगळ्या प्रकरणांत हे नव्हतं. नववं, अकरावं, बारावं आणि सतरावं, एवढ्यांतच. रात्री कारण सापडलं आणि ते माझ्याच घरचं निघालं. बरीचशी कादंबरी मी फोनवर लिहिली, तिथला कळफलक पायात टिंब असलेला ऱ घालतो. तो फाइल कुठेही नेली तरी टिकतो. ही चार प्रकरणं मात्र जुन्या लॅपटॉपवर लिहिलेली. तिथे साधा र, हलन्त आणि मग एक न दिसणारी खूण पडते. त्या खुणेला रुंदी नाही, पडद्यावर ती दिसत नाही, तिचं काम एकच : रफार होऊ द्यायचा नाही, य ला डावीकडून ती छोटी आडवी कोयती चिकटवायची. एका फाइलमधून दुसरीत मजकूर नेताना ती खूण गळाली. खूण गेल्यावर संगणकाने नियमाप्रमाणे रफार दिला. यात अक्षरजुळणी करणाऱ्यांचा काही दोष नाही.

शोधा-बदला करून सुटेल असं आधी वाटलं. पण माझ्या कादंबरीत सूर्य आहे, धैर्य आहे, कार्य आहे, आश्चर्य आहे, आणि एका ठिकाणी खरेखुरे आचार्यही आहेत. सगळे रफार बदलले तर तेही मोडतील. म्हणजे एकेक शब्द बघणं आलं.

पहिल्या दोन वाचनांत हे माझ्या डोळ्यांना दिसलं नाही. मी लिहिलेलं मला पाठ होतं, डोळा जे असायला हवं तेच वाचत गेला. कानाने पकडलं.

९ ऑगस्ट, शनिवार

२१४ जागा. सगळ्या झाल्या. राखी बांधायला भाऊ आला, त्याला ओवाळलं आणि लगेच कामाला बसवलं. तो शब्द मोठ्याने वाचायचा, मी कागदावर खूण करायची. सतराव्या प्रकरणात तो थांबला आणि म्हणाला, "ताई, हिचं पुढे काय होते?" मी सांगितलं नाही.

दुरुस्त्यांमध्ये ओळी सरकल्या आणि मजकूर २५८ पानांवर गेला. दोन पानांसाठी नवा फर्मा लागला असता. मनोगत काढलं. त्यात मी जुनापाणीबद्दल जे लिहिलं होतं ते कादंबरीत आहेच.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज तान्हा पोळा, आज मारबत. सकाळी आठला इतवारीत. खांद्यावर रेकॉर्डर, कारण ॲपवाल्यांना मिरवणुकीचा खरा आवाज हवा होता.

काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. असा उत्सव मी नागपूरबाहेर कुठे पाहिला नाही. उंच बायकी पुतळे, मोठाले डोळे, आणि मागून बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, त्या त्या वर्षीच्या दुखण्यावर नेम धरून केलेले. दोन्ही मारबती समोरासमोर येतात तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. शेवटी त्या शहराबाहेर नेऊन जाळतात. आणि सगळी वाट एकच आरोळी : इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!

लाल वहीतली मालिका या आरोळीतून निघाली. लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून मी विचारलं होतं, "ती घेऊन कुठे जाते?" आजोबा म्हणाले, "दूर." मी विचारलं, "तिथे कोण राहतं?" त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. दहा भाग त्याच एका प्रश्नाचे आहेत. जवळजवळ दीडशे वर्षांची इडा पिडा जिथे जाऊन साचली ते गाव, आणि तिथे ती उतरवून घेणारी बाई.

आज ऐकताना एक गोष्ट नव्याने कळली. मी पटकथेत ही आरोळी रागाने लिहिली होती, हाकलून दिल्यासारखी. पण माझ्या शेजारी एक साठीच्या बाई उभ्या होत्या, कडेवर नातू. काळी मारबत समोर आली तेव्हा त्यांनी हात जोडले आणि हळू आवाजात म्हटलं, "घेऊन जा गं माय." विनवणी होती ती. लेकीला निरोप देताना असतो तसा आवाज. रेकॉर्डरमध्ये ते आलं नसेल, ढोल फार जवळ होते.

घरी येऊन चौथा आणि पाचवा भाग पुन्हा लिहायला घेतला. दिलेले होते, मागून घेतले. मारबतीशी तिथली बाई भांडत नाही आता. ती तिला पाणी देते.

संध्याकाळी गल्लीतली पोरं लाकडी बैल सजवून दारोदार आली. आईने सगळ्यांना बोजारा, म्हणजे सणाची ओवाळणी, दिला. सगळ्यात लहान मुलाच्या नंदीचं एक चाक निघालं होतं, ते त्याने रबराने बांधलेलं होतं. तो नंदी सातव्या भागात घेतला आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

पुस्तकं आली. दोनशे प्रती, चार खोकी. आईने आधी खोक्यांना हळदकुंकू लावलं, मग कात्री दिली.

पहिली प्रत हातात घेतली आणि थेट अकरावं प्रकरण उघडलं. "तीन दऱ्या ओलांडून ते आले." कोयती जागेवर आहे. मुखपृष्ठावर चित्रकाराने दगडातला एकच खळगा काढलाय, त्यात साचलेलं पाणी आणि पाण्यात तारे. मॅट लॅमिनेशनमुळे काळा रंग थोडा उजळला आहे, पुढच्या वेळी आधी नमुना छापून घेईन.

दिवाळी अंकाच्या संपादकांचाही फोन झाला. कथा घेतली आहे. "सामू" शब्दाला तळटीप द्यायची का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. मुलीचे बाबा पुढे पान उन्हाकडे धरतात, तिथे कळतं. त्यांना पटलं.

बावीस पाकिटं बांधली, उद्या पोस्टात. सगळ्यात वर मामाचं. त्याच्या प्रतीत १४२ व्या पानाला कागद घालून ठेवलाय. तिथे पिवळ्या पानांचं झाड आहे, ते मी जूनमध्ये मागाहून घातलं.

आता निळी वही कपाटात जाईल. पिवळी काही महिने मिटून राहील. लाल वहीचे तीन भाग उरलेत. आठव्याच्या समासात आजची पेन्सिल :

बाईने ओचा खोचला, रबराने बांधलेलं ते चाक उचललं, आणि